वैनगंगेवरची तार: २०१७ च्या प्रशिक्षण विमान अपघाताचा अभ्यास

२६ एप्रिल २०१७, बुधवार. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून सकाळी सरावासाठी उडालेलं दोन इंजिनांचं प्रशिक्षण विमान महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या हद्दीवर वैनगंगेच्या पात्रात कोसळलं. विमान डायमंड डीए-४२ जातीचं होतं. आत दोघं होती, एक प्रशिक्षक आणि एक तरुण प्रशिक्षणार्थी. दोघंही गेली. नदीच्या आरपार ताणलेल्या तारेला विमान धडकलं होतं, आणि ती तार नदीचं पाणी मोजण्याच्या कामासाठी होती.

हा अपघात निघाला की लोक दोन गोष्टी विचारतात. विमान एवढं खाली आलंच कसं? आणि दिवसाढवळ्या, एप्रिलच्या लख्ख उजेडात, तार दिसली कशी नाही? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांच्याकडे पुढे येतोच. पण मला यात तिसराच प्रश्न मोठा वाटतो. मासे धरणारा ढिवर, रेतीचा ट्रॅक्टरवाला, पलीकडच्या तीरावर सोयरिक असलेला माणूस, या सगळ्यांना नदीवरची तार कुठं आहे हे ठाऊक असतं. त्याच नदीवरून रोज उडणाऱ्या माणसापर्यंत ही माहिती पोचायची वाट कोणती? अशी वाट आपण बांधलेलीच नाही, असं माझं मत आहे.

बिरसीचं आभाळ

बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, इंग्रजांनी बांधलेली. कामठा गावाच्या शेजारी, गोंदिया शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर. पुढे ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली आणि प्राधिकरण व सीएई ही कॅनडातली कंपनी यांच्या भागीदारीत इथे वैमानिक घडवणारी संस्था उभी राहिली. इथून नियमित प्रवासी विमान सुरू झालं ते मार्च २०२२ मध्ये. म्हणजे २०१७ साली या भागात डोक्यावरून घरघरत जाणारं विमान बहुतेक वेळा शिकणाऱ्यांचंच असायचं. रोवणीच्या चिखलात उभ्या बायाही वर बघायच्या नाहीत, इतकं ते सवयीचं झालेलं. शिकणाऱ्यांसाठी जागा चांगलीच आहे. सपाट धानपट्टा, मोकळं आभाळ, मोठ्या शहरांसारखी विमानांची गर्दी नाही.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचं उड्डाण लागतं. यातलं बरंचसं उड्डाण डोळ्यांनी बघून करायचं असतं: खाली काय दिसतं ते नकाशाशी ताडायचं आणि आपण कुठे आहोत ते ठरवायचं. पूर्व विदर्भात वरून सगळ्यांत ठळक काय दिसतं? मुंबई-हावडा लोहमार्ग, मालगुजारी तलाव, आणि वैनगंगा. बोड्या, म्हणजे शेतातली छोटी तळी, शेकड्यांनी आहेत, त्यामुळे एक दुसरीसारखी दिसते. नदीची गल्लत होत नाही. सिवनी जिल्ह्यात मुंडारा इथे उगम पावून बालाघाटातून वळसा घेत ही नदी गोंदिया-भंडाऱ्याकडे उतरते, आणि काही अंतर दोन राज्यांची सीमा होऊन वाहते. शिकाऊ वैमानिकाला ती हात धरून नेते. म्हणूनच तिच्यावर आडवी असलेली कुठलीही वस्तू विमानाच्या दृष्टीने सर्वांत वाईट जागी असते.

तार कशासाठी?

हे समजून घेतल्याशिवाय ‘ती तार काढूनच टाका ना’ असं म्हणणं सोपं आहे, आणि चूक आहे.

नदीतून सेकंदाला किती पाणी चाललंय हे काठावर पट्टी रोवून कळत नाही. पट्टीवर फक्त पातळी कळते. प्रवाह काढायला पात्राचं आडवं क्षेत्रफळ आणि पाण्याचा वेग, दोन्ही लागतात. त्यासाठी पात्राचे उभे भाग पाडतात, प्रत्येक भागात खोली मोजतात आणि प्रवाहमापी ठरलेल्या खोलीवर सोडून वेग मोजतात. उन्हाळ्यात हे पाण्यात उतरून जमतं. पाणी वाढलं की नाव लागते. पूल असला तर पुलावरून. पण ऑगस्टच्या पुरात, झाडं वाहून आणणाऱ्या पाण्यात नाव घालणं म्हणजे जिवाशी खेळ. अशा ठिकाणी दोन्ही काठांवर खांब उभारून पोलादी दोर ताणतात आणि त्यावरून उपकरण, कुठे कुठे पाळण्यात बसून माणूसही, पात्राच्या मधोमध नेता येतो.

या मोजणीवर खालची गावं जगतात. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला आलेला पूर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांना आठवत असेल. वर सिवनीत संजय सरोवर धरण आहे, खाली गोसीखुर्द धरण. मधल्या पट्ट्यात पाणी किती, कोणत्या वेळी येणार, हे सांगायला मोजणारी माणसं आणि त्यांची साधनं लागतात. तार निरुपयोगी किंवा बेवारस वस्तू नव्हे. ती माणसं वाचवण्यासाठीच आहे. फक्त ती टांगताना विचार पाण्याचा होतो. वर आभाळ आहे हे पाणी मोजणाऱ्याच्या कामात कुठे येत नाही, आणि खाली तार आहे हे उडणाऱ्याच्या कामात येत नाही.

दिसत का नाही

आता डोळ्यांचा हिशेब. चांगली नजर असलेला माणूस साधारण एका कलेइतकी, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाइतकी, वस्तू स्पष्ट ओळखतो. दोन सेंटीमीटर जाडीचा दोर घेतला, तर तो एवढा भरतो सुमारे ७० मीटरवर. छोटं विमान ११० नॉट वेगाने उडत असेल तर ते सेकंदाला ५६-५७ मीटर कापतं. म्हणजे दोर नीट ‘दिसल्यापासून’ जेमतेम सव्वा सेकंद.

लांब सरळ रेघ मात्र यापेक्षा दुरून जाणवते, हेही खरं. निळ्या आभाळावर काळी तार आपल्याला अंगणातून लांबवर दिसते. पण त्यासाठी तारेमागे आभाळ हवं. वैमानिक तारेच्या पातळीपेक्षा थोडा जरी वर असेल तर त्याला तारेमागे आभाळ दिसत नाही, पलीकडचा काठ दिसतो: तपकिरी माती, पळस-बाभळीची उन्हाळी झुडपं, रेती. गंजलेल्या दोराचा रंग याहून फारसा वेगळा नसतो. शिवाय ताणलेला दोर मध्ये झोल खातो. काठावरचे खांब झाडीत लपलेले, आणि मधला भाग बघणाऱ्याच्या अंदाजापेक्षा खाली.

अमेरिकेच्या एफएए या विमान नियामकाच्या पत्रकात समोरून येणारं विमान टाळायला किती वेळ लागतो याची फोड दिली आहे. दिसायला ०.१ सेकंद, ओळखायला १, आपण त्याच्यावरच चाललोय हे उमजायला ५, वळायचं कुठं ते ठरवायला ४, हात हलायला ०.४ आणि विमान प्रत्यक्ष वळायला २. बेरीज साडेबारा सेकंद. त्या वेगाने साडेबारा सेकंदांत सातशे मीटर मागे पडतात. तारेसाठी हा वेळ अर्धा धरला, अगदी तयारीचा वैमानिक धरला, तरी साडेतीनशे मीटर लागतात. एवढ्या लांबून दोन सेंटीमीटरचा दोर काठाच्या पार्श्वभूमीवर कोणीही ओळखू शकत नाही. ‘लक्ष नव्हतं’ हे उत्तर म्हणून मला पटत नाही. लक्ष असून उपयोग नसतो. जाणते वैमानिक तार शोधतच नाहीत, ते खांब शोधतात, आणि तार ओलांडायचीच असेल तर खांबाच्या डोक्यावरून ओलांडतात, कारण खांब दिसतो आणि तार त्याच्यापेक्षा उंच नसते. नदीकाठच्या झाडीत खांबच झाकला गेला तर हा धडाही कामाचा राहत नाही.

एवढं खाली कसं?

नियम स्वच्छ आहे. डोळ्यांनी बघून उडताना, उतरणं आणि उड्डाण घेणं सोडता, वस्तीबाहेर जमिनीपासून किंवा पाण्यापासून किमान १५० मीटर, म्हणजे ५०० फूट उंची राखायची. दाट वस्तीवर ६०० मीटरच्या परिघातल्या सर्वांत उंच अडथळ्याहून ३०० मीटर वर. जलमापनाचा दोर महापुराच्या पातळीहून वर ठेवलेला असतो, पण १५० मीटरच्या आसपासही तो कुठे जात नाही. याचा अर्थ सरळ आहे: नियमाच्या उंचीवर असलेलं विमान अशा दोराला लागूच शकत नाही.

या दोन जिवांच्या मनात त्या वेळी काय होतं यावर अंदाज बांधणं मला योग्य वाटत नाही. पण प्रशिक्षण विमानं खाली येतात ती कोणकोणत्या कारणांनी, हे सांगता येतं. इंजिन बंद पडल्याचा सराव हे एक. प्रशिक्षक इंजिनाची ताकद कमी करतो आणि विद्यार्थ्याने शेत निवडून उतरण्याची तयारी दाखवायची. ठरलेल्या उंचीवर सराव मोडून पुन्हा वर जायचं असतं, आणि ती उंची निसटणं हा जगभरातल्या प्रशिक्षणातला जुना धोका आहे. दोन इंजिनांच्या विमानात एक इंजिन बंद धरून सराव करताना चढण्याची ताकद अर्ध्याहून बरीच कमी होते. ऊन चढलं की हवा विरळ होते आणि ती आणखी घटते. बिरसी समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे, पण पारा ४० वर असला तर विमानाला आपण सव्वा किलोमीटर उंचीवर असल्यासारखी हवा मिळते. तिसरं कारण, ज्याबद्दल उड्डाण शाळांत दबक्या आवाजात बोलतात, ते म्हणजे नदी खुणावते. सपाट, मोकळं, अडथळा नसलेलं पात्र वरून बघितलं की खाली यावंसं वाटतं. आणि शेजारी बसलेला विद्यार्थी प्रशिक्षकाला ‘सर, उंची’ म्हणेल का? आपल्याकडे गुरुजींना टोकायची रीत नाही. विमानाच्या कॉकपिटमध्ये ही रीत जीव घेते, म्हणून टोकणं हाच प्रशिक्षणाचा भाग केलेला असतो. कागदावर तरी.

तरीही उंचीचा नियम पाळला असता तर झालं असतं, एवढ्यावर प्रकरण बंद करणाऱ्यांशी माझा वाद आहे. नियम ही पहिली भिंत. ती कधीतरी ओलांडली जाणार, चुकीने, मोहाने किंवा खऱ्या इंजिन-बिघाडाने. खरंच इंजिन गेलेला वैमानिक नदीकाठची रेती बघून तिकडेच वळणार, आणि तेव्हा ५०० फुटांचा नियम त्याला लागूच नाही. त्या माणसासाठी दुसरी भिंत कोणती?

नकाशातली भोकं

वैमानिकाच्या १:५,००,००० मापाच्या नकाशात अडथळा म्हणून सहसा दाखवतात त्या जमिनीपासून १०० मीटर किंवा त्याहून उंच वस्तू. हा आंतरराष्ट्रीय संकेत आहे आणि त्याला कारणही आहे. सगळंच दाखवलं तर नकाशा वाचता येणार नाही. पण मग दोन काठांमधला वीस-तीस मीटर उंचीचा दोर त्यात येण्याचा प्रश्नच नाही. विमानतळांभोवतीच्या बांधकामांसाठी २०१५ चे उंची निर्बंधांचे नियम आहेत, रंगीत पट्ट्यांचे नकाशे आहेत, ना-हरकत लागते. तेही उंच इमारती आणि मनोऱ्यांना धरून. बुटका दोर यातही अडकत नाही. म्हणजे तार टांगणाऱ्याने एकही नियम मोडलेला नसताना ती तार जीवघेणी असू शकते.

नदी, दरी किंवा महामार्ग ओलांडणाऱ्या तारांवर खुणेचे गोळे लावण्याची तरतूद आंतरराष्ट्रीय मानकांत आहे. गोळा किमान ६० सेंटीमीटर व्यासाचा, पांढरा आणि लाल किंवा पांढरा आणि नारिंगी आलटून पालटून. ६० सेंटीमीटरचे गोळे असतील तर दर ३० मीटरला एक. मेख अशी की ‘तार विमानांना धोकादायक ठरू शकते’ असा निष्कर्ष आधी कोणीतरी काढावा लागतो. काढणार कोण? पाणीवाल्यांना विमानांचं माहीत नाही, विमानवाल्यांना पाण्याचं नाही.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं समजू नये. इटलीतल्या कावालेझे इथे ३ फेब्रुवारी १९९८ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने दरीतल्या रोप-वेचा दोर तोडला आणि पाळण्यातली २० माणसं गेली. तेही विमान नेमून दिलेल्या उंचीच्या कितीतरी खाली उडत होतं. त्या वैमानिकांकडच्या अमेरिकी नकाशात तो रोप-वे नव्हता. इटलीच्या नकाशात होता. डोंगरातल्या माणसांना तर नकाशाची गरजच नव्हती.

पडल्यावर गावात काय होतं

विमान पडलं की पहिले पोचतात गावकरीच, कारण बिरसीहून निघालेली मदत पांदणीने यायची असते. पहिला तास गावाचा. महाराष्ट्रात पोलीस पाटलाने ठाण्याला खबर देणं हे १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमापासूनचं काम आहे. पण वैनगंगेच्या पात्रात पडलेलं विमान कोणत्या ठाण्याचं? अलीकडे गोंदिया, पलीकडे बालाघाट. हाच पेच १८ मार्च २०२३ लाही होता: बिरसीहून उडालेलं आणखी एक प्रशिक्षण विमान बालाघाटच्या डोंगराळ जंगलात पडलं आणि त्यातही प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी असे दोघं गेले. सरावाचं आभाळ दोन राज्यांवर पसरलेलं आहे, आणि पंचनाम्याचा कागद मात्र एका हद्दीतला लागतो. ‘आमच्या अंगावर काहून घेता जी’ हा सूर अशा वेळी निघतोच. खबर दोन्हीकडे द्यावी, हद्द नंतर ठरवावी, हे सीमेवरच्या प्रत्येक पोलीस पाटलाला आधीच सांगून ठेवायला हवं.

अवशेषांबद्दल गावात कोणी काही शिकवलेलं नसतं. जखमींना काढायला किंवा आग विझवायला लागेल तेवढंच हलवायचं, बाकी तुकडा जिथे पडला तिथेच राहू द्यायचा. तुटलेली तार कोणत्या काठावर किती लांब पडली, पंखाचा कोणता भाग तिला लागला, यावरून तपास करणारे उंची आणि दिशा काढतात. कोणी आठवण म्हणून तुकडा घरी नेला, किंवा तार बाजूला ओढून रस्ता मोकळा केला, की तेवढा पुरावा गेला. डीए-४२ चं अंग कार्बन तंतूंचं असतं. जळल्या-मोडल्यावर त्याची बारीक कुसं हवेत उडतात, ती फुप्फुसांना आणि कातडीला वाईट. नाकाला रुमाल बांधल्याशिवाय पोट्ट्यांनी जवळ जाऊ नये. काही छोट्या विमानांत पूर्ण विमानाला उतरवणारं पॅराशूट असतं आणि ते सोडणारं रॉकेट अपघातानंतरही जिवंत असू शकतं. डीए-४२ मध्ये ते नसतं, पण उद्या दुसरं विमान पडलं तर गावाला फरक कसा कळणार? मोबाईल उंचावून चार पावलं पुढे सरकणाऱ्या गर्दीला दोरी बांधून अडवणं, हे सरपंच आणि कोतवाल दोघांना मिळून जमण्यासारखं आहे.

तपासाचंही एक सांगायला हवं. विमान अपघाताच्या तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा असतो, दोषी ठरवणं नाही. मृत्यूची पोलीस चौकशी वेगळी चालते, तेव्हा दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ खाली. दोन्हींची गल्लत झाली की लोक बोलायचे थांबतात. शिवाय आंतरराष्ट्रीय नियमांत २,२५० किलोहून जड विमानाच्या अपघाताचा प्राथमिक अहवाल ३० दिवसांत पाठवणं अपेक्षित असतं. त्याहून हलक्या विमानाचा फक्त विशिष्ट कारण असेल तर. डीए-४२ भरल्यावरही दोन टनांच्या आत. छोट्या विमानाचा अपघात कागदावरही छोटाच ठरतो.

वाट बांधायची तर

माझ्या मते उपाय महाग नाही, कंटाळवाणा आहे. बिरसीच्या सराव क्षेत्रात येणाऱ्या नद्या धरायच्या: वैनगंगा, बाघ आणि त्यांचे मोठे नाले. त्यांच्या काठच्या ग्रामपंचायतींना, दोन्ही राज्यांतल्या, एकच प्रश्न विचारायचा: तुमच्या शिवारात पाण्यावरून कुठली तार, दोर, विजेची लाइन, पाइप जातो का? तलाठी आणि पलीकडचा पटवारी हे एका दिवसात सांगू शकतात. महावितरणकडे लाइनचे नकाशे आहेत, जलमापनवाल्यांकडे त्यांच्या केंद्रांची यादी आहे. हे सगळं एका यादीत उतरवून त्याचे जीपीएस बिंदू घ्यायचे आणि उड्डाणापूर्वीच्या सूचनांत रोज ठेवायचे. नदी ओलांडणारी प्रत्येक तार गोळे लावण्याइतकी महत्त्वाची आहे का हे त्या यादीवरून ठरवता येईल. सगळ्यांवर गोळे लागणार नाहीत, पैसा कोणाच्या खात्यातून हा वाद दोन वर्षं चालेल, हे मला माहीत आहे. यादीसाठी मात्र कोणाच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही.

एक अडचण खरी आहे. अशी यादी जुनी होते. पुरात खांब वाहून जातो, दुसरीकडे नवा उभा राहतो, शेतकरी पलीकडच्या मोटरसाठी स्वतःच केबल ओढतो आणि कोणाला सांगत नाही. म्हणून दर वर्षी पाणी ओसरल्यावर, दिवाळीच्या आगेमागे, ती पुन्हा तपासावी लागेल, आणि प्रत्येक तारेपुढे ती कोणाची, शेवटचं कोणी पाहिली आणि कोणत्या तारखेला, हे तीन रकाने भरलेले हवेत. तारीख वर्षाहून जुनी झाली की तो बिंदू उड्डाण शाळेच्या नकाशावर लाल करायचा आणि त्या पट्ट्यात इंजिन-बिघाडाचा सराव बंद ठेवायचा, गावाकडून नवी खबर येईपर्यंत.